बँकर इंजिनांचं गाव : युटामधलं हेल्पर

कसारा किंवा कर्जत स्टेशनात गाडी जरा जास्त वेळ थांबते, मागून एक हलका धक्का बसतो आणि नेहमीचे प्रवासी ओळखतात की बँकर लागला. पुढचा घाट एकट्या इंजिनाला झेपणारा नसतो, म्हणून मागून ढकलायला वेगळी इंजिनं जोडली जातात. अमेरिकेत या ढकलणाऱ्या इंजिनाला ‘हेल्पर’ म्हणतात आणि युटा राज्यातल्या एका गावाचं नावच हेल्पर आहे.

हे गाव कार्बन परगण्यात, प्राइस नदीच्या अरुंद दरीच्या तोंडाशी आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,७७० मीटर, वस्ती साधारण दोन हजार. गावात बघण्यासारखं बरंच आहे, पण ते गाव तिथेच का वसलं, एवढं मोठं का झालं आणि आज तेवढं का उरलं नाही, हे कळायला आधी चढाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही. शाळेतल्या गुणाकार-भागाकारावर भागतो.

टनामागे दहा किलो

रेल्वेत चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर चढलो तर तो १ टक्का चढ. रस्त्यावर हा आकडा क्षुल्लक वाटतो, दुचाकीवर तर कळतसुद्धा नाही. पण पोलादी रुळावर पोलादी चाक फार सहज घरंगळतं. सपाट रुळावर एक टन वजनाचा डबा चालत ठेवायला जेमतेम ३ किलो ओढ पुरते. चढ लागला की प्रत्येक टक्क्यामागे त्यात टनाला १० किलोंची भर पडते. म्हणजे १ टक्क्याचा ‘किरकोळ’ चढसुद्धा गाडीला सपाटीपेक्षा चौपट जड करून टाकतो.

हेल्परच्या वरच्या दरीत सगळ्यात कठीण चढ २.४ टक्के आहे. टनामागे २४ किलो चढाचे, ३ किलो घर्षणाचे आणि वळणांमुळे आणखी साधारण १ किलो, असे २८ किलो होतात. सपाटीच्या नऊपट.

आपल्याकडच्या बोरघाटात आणि थळघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. तो हेल्परपेक्षा जास्त आहे. फरक आहे तो गाडीच्या वजनात आणि भरलेला माल कोणत्या दिशेला जातो यात. हेल्परच्या आसपास दगडी कोळशाच्या खाणी होत्या आणि कोळशाला गिऱ्हाईक डोंगरापलीकडे होतं : प्रोव्हो, सॉल्ट लेक सिटी, धातू गाळणाऱ्या भट्ट्या आणि १९४४ पासून प्रोव्होजवळचा जिनिव्हा पोलाद कारखाना. भरलेल्या वॅगन चढावर आणि रिकाम्या वॅगन उतारावर, ही रेल्वेसाठी सगळ्यात महागडी मांडणी. खाणी डोंगराच्या माथ्यावर आणि गिऱ्हाईक पायथ्याशी असतं तर हेल्पर गावाची गरज फारशी पडली नसती.

आता सरासरीच्या सापळ्याबद्दल. हेल्परपासून सोल्जर समिट या खिंडीपर्यंत रेल्वेने सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे आणि उंची साधारण ५०० मीटरने वाढते. भागाकार केला तर सरासरी चढ सव्वा टक्का येतो आणि वाटतं की फार काही नाही. पण गाडी सरासरी चढत नसते. वाटेतल्या सर्वात कठीण तुकड्यावर ती अडकली तर बाकीच्या सोप्या तुकड्यांचा काही उपयोग नाही. म्हणून गाडीला किती वजन जोडायचं हे तो सर्वात कठीण चढच ठरवतो. इथे तो हेल्परपासून क्यून नावाच्या ठिकाणापर्यंतच्या दरीत आहे, त्याच्यावर वाट पुष्कळ सोपी होते. कठीण चढ जिथे सुरू होतो त्या पायथ्याशी इंजिनं हवीत, म्हणून गाव तिथे वसलं.

एका गाडीचा हिशेब

डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न ही तेव्हाची इथली रेल्वे कंपनी. आपल्या वाफेच्या इंजिनांच्या वर्गांना ती त्यांच्या ओढशक्तीवरून नावं द्यायची. १९२७ साली आलेल्या ‘एल-१३१’ वर्गाच्या इंजिनाची ओढ १,३१,८०० पौंड होती, म्हणजे जवळजवळ ६० टन. त्या काळातल्या जगातल्या सर्वात मोठ्या इंजिनांत त्याची गणना होते. चाकांच्या दोन जोडसंचांवर चालणारं हे धूड टेंडर नावाच्या मागच्या डब्यातल्या कोळसा-पाण्यासकट साधारण साडेचारशे टन भरत असे.

समजा ४० वॅगन कोळसा न्यायचा आहे आणि भरलेली एक वॅगन ६५ टनांची आहे. एकूण २,६०० टन झाले. सपाटीवर याला सुमारे ८ टन ओढ लागेल, ती मध्यम ताकदीचं इंजिनही देईल. २.४ टक्क्यांच्या चढावर मात्र २,६०० गुणिले २८ किलो, म्हणजे जवळजवळ ७३ टन लागतील. इंजिनाकडे ६० टन आहेत खरे, पण त्याला स्वतःचं साडेचारशे टनांचं वजनही चढवायचं आहे, त्यात साडेबारा टन गेले. उरलेल्या साडेसत्तेचाळीस टनांत ते फार तर २६ वॅगन नेईल. चाळिसांसाठी दोन इंजिनं हवीत.

मग पर्याय तीन उरतात. पहिला, गाडीचे दोन तुकडे करून अर्धी वर न्यायची, साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर ठेवायची आणि उरलेली न्यायला परत यायचं. यात एकाच वाटेवरून तीन फेऱ्या होतात आणि तेवढा वेळ मार्ग अडून राहतो. दुसरा, शेकडो किलोमीटरच्या पूर्ण प्रवासाला दोन इंजिनं लावायची. सपाटीवर दुसऱ्याचा काही उपयोग नाही, पण कोळसा, पाणी आणि माणसांचा पगार दुप्पट. तिसरा पर्याय, जास्तीची इंजिनं चढाच्या पायथ्याशी ठेवायची, गाडी आली की चाळीस किलोमीटरपुरती जोडायची आणि खिंडीत सोडून परत खाली आणायची. तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त. पण त्याला पायथ्याशी इंजिनांचं घर लागतं आणि इंजिनांच्या घरामागोमाग माणसांची घरं येतात.

ढकलायचं कुठून

हेल्पर इंजिन कुठे जोडायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. सगळी इंजिनं पुढे लावली तर पहिल्या वॅगनला जोडणाऱ्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा भार येतो. आजच्या उत्तम पोलादाच्या अमेरिकन कपलरला रोजच्या चालनात साधारण १६० ते १७५ टनांपर्यंतची ओढ चालते, जुन्या साध्या पोलादाला सुमारे ११३ टन. त्याहून जास्त ओढ पडली, किंवा ओढ कमी असूनही अचानक हिसका बसला, तर कपलरचा वळणारा जबडा तुटतो. या जबड्याला रेल्वेवाले ‘नकल’ म्हणतात. एका नकलचं वजन ३५-४० किलो. ती घाटात, रात्री, बर्फात, वॅगनींच्या कडेने चालत नेऊन बदलायची म्हणजे काय काम आहे याची कल्पना करा.

दुसरा धोका वळणावरचा. ओढ फार झाली तर वळणावरची गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ व्हायला बघते आणि मधल्या हलक्या, रिकाम्या वॅगन वळणाच्या आतल्या बाजूला रुळावरून खेचल्या जातात. उलट मागून ढकलणं फार झालं तर त्याच वॅगन बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात. म्हणून भार वाटून द्यायचा असतो. वरच्या उदाहरणात पुढच्या इंजिनाने वीसेक वॅगन ओढायच्या आणि मागच्याने वीसेक ढकलायच्या. मध्ये एक कपलिंग असं येतं की तिथे ना ताण ना दाब. तो बिंदू गाडीत कुठे पडतो हे दोन्ही इंजिनांच्या ताकदीच्या प्रमाणावरून काढता येतं.

गार्डच्या डब्याची गोष्ट वेगळी होती. लाकडी सांगाड्याच्या डब्यामागून शेकडो टनांचं इंजिन ढकलू लागलं तर डबा काड्यापेटीसारखा चिरडतो. म्हणून इंजिन गार्डच्या डब्याच्या पुढे, शेवटची वॅगन आणि गार्डचा डबा यांच्या मध्ये घालत. त्यासाठी आधी डबा कापायचा, इंजिन आत घ्यायचं, डबा पुन्हा जोडायचा, आणि खिंडीत हेच सगळं उलट करायचं. पोलादी सांगाड्याचे डबे आल्यावर मागून ढकलता येऊ लागलं. प्रत्येक गाडीचा वाचलेला तो वेळ यार्डात काम करणाऱ्यांना लगेच जाणवतो.

जोडणीचा क्रम साधारण असा : इंजिन हळू आणून कपलिंग लावायचं, थोडं मागे ओढून ते नीट बसलंय ना हे बघायचं, ब्रेकची हवा नेणारी नळी, म्हणजे एअर होज, जोडायची आणि तिचा कॉक उघडायचा. यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. हेल्पर इंजिनाच्या ड्रायव्हरने आपला ब्रेकचा व्हॉल्व्ह बंद करून ब्रेकचा पूर्ण ताबा पुढच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. हे राहिलं तर पुढचा ब्रेक लावायला नळीतली हवा सोडतोय आणि मागचं इंजिन तीच हवा भरतंय, अशी अवस्था होते. ब्रेक लागायलाच तयार नसतो. म्हणून जोडणीनंतर ब्रेक एकदा लावून आणि सोडून शेवटच्या वॅगनपर्यंत तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

गाडी निघण्याची वेळही तोलाची. अमेरिकन कपलिंगमध्ये आणि तिच्यामागच्या स्प्रिंगमध्ये मिळून वॅगनमागे साधारण अर्धा फूट सैलपणा असतो. चाळीस वॅगनींचे झाले वीस फूट. पुढच्याने घाईने वाफ उघडली तर हा सैलपणा एकेका हिसक्याने ताणला जातो आणि शेवटचा हिसका नकल तोडतो. म्हणून मागच्याने आधी हळूच दाबून सैलपणा मिटवायचा आणि मग पुढच्याने ओढायचं. रेडिओ येण्याआधी हे सगळं शिट्ट्यांवर चालत असे. पाऊण किलोमीटर लांब गाडीच्या दोन टोकांना बसलेले, एकमेकांना न दिसणारे दोन ड्रायव्हर केवळ शिट्टी आणि हाताला जाणवणारा ताण यावर एका लयीत काम करत. या कौशल्याला जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं मिळत नाही.

चाक घसरणं हा रोजचा शत्रू. वाफेच्या इंजिनाची ओढ चाकांवरच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश असते. दव, बर्फ किंवा तेलाचा थर आला की ती आणखी घटते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. उपाय म्हणजे वाळू. इंजिनाच्या पाठीवरच्या घुमटात कोरडी वाळू असते, ती नळीने चाकापुढे रुळावर पडते. वाळू ओली असेल तर नळी तुंबते, म्हणून इंजिनांच्या प्रत्येक ठाण्यावर वाळू भाजून सुकवायची शेगडी असे.

पश्चिमेकडून खिंड उतरून हेल्परकडे येणाऱ्या गाडीची चिंता वेगळी होती. ब्रेक सतत लावून ठेवले की चाकं तापतात, आणि लावून-सोडून पुन्हा लावत राहिलं तर नळीतली हवा संपत जाते. म्हणून वॅगनीवर एक छोटा व्हॉल्व्ह असे. तो वळवून ठेवला की ड्रायव्हरने हवा परत भरत असतानाही त्या वॅगनचे ब्रेक थोडे दाबलेले राहत. ब्रेकमन खिंडीत हे व्हॉल्व्ह एकेक करून लावत आणि पायथ्याशी पुन्हा सोडत. डिझेल इंजिनात मोटारीच उलट वापरून वेग रोखायची सोय आली आणि हे काम जवळजवळ संपलं.

इंजिनांमागून माणसं

या जागी पहिली वस्ती टिअँकम प्रॅट या मॉर्मन शेतकऱ्याच्या कुटुंबाची, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची. रेल्वे लगोलग आली. डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी हा तीन फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग १८८३ मध्ये जोडला गेला. तेव्हा इथे नुसती साइडिंग होती. १८९० मध्ये रूळ रुंद करून अमेरिकेच्या प्रमाण मापाचे केले, म्हणजे १,४३५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजहून अरुंद. वॅगन मोठ्या झाल्या, गाड्या जड झाल्या. १८९२ च्या सुमारास कंपनीने इथे आपलं ठाणं केलं आणि गावाला हेल्पर हे नाव पक्कं चिकटलं. नगरपालिका १९०७ ची.

एवढ्या कामाला माणसं किती लागत? पुन्हा हिशेबच करू. समजा दिवसाला १२ भरलेल्या गाड्या वर जातात. चढताना वेग ताशी १५-२० किलोमीटर, म्हणजे वर जायला दोन-अडीच तास, मग रिकाम्या इंजिनाने परत यायला दीड तास, शिवाय जोडणी, पाणी आणि वाट बघणं. एक इंजिन दिवसात दोन फेऱ्या, फार तर तीन. म्हणजे पाच-सहा इंजिनं सतत कामावर आणि दोन-तीन दुरुस्तीत. प्रत्येकावर ड्रायव्हर आणि फायरमन, पाळ्या धरून त्यांच्या दुप्पट. पण खरी संख्या इंजिनांच्या शेडमध्ये असे. वाफेचं इंजिन थांबलं की राख काढायची, भट्टी साफ करायची, कोळसा, पाणी आणि वाळू भरायची, सांधे तेलवायचे. बॉयलर निदान महिन्यातून एकदा आतून धुतलाच पाहिजे, असा केंद्रीय नियम १९११ नंतर झाला. पाण्यातल्या क्षारांचा थर नळ्यांवर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा लाल होऊन फाटण्याची भीती असते. म्हणून लोहार, बॉयलरवाले, फिटर, सफाई करणारे आणि अपरात्री दारं ठोठावून ड्रायव्हरला उठवणारी पोरं, असं सगळं गाव एका शेडभोवती उभं राहतं.

यात दोन नियमांची भर पडली. अमेरिकेत रेल्वे कामगाराचा एक दिवसाचा पगार १०० मैलांच्या हिशेबाने धरत, म्हणून कंपन्या साधारण तेवढ्या अंतरावर माणसं बदलत. आणि १९०७ च्या कायद्याने सलग कामाला १६ तासांची मर्यादा घातली. तेवढे तास भरले की गाडी असेल तिथे थांबवून माणसं बदलणं भाग. परगावचे ड्रायव्हर आणि गार्ड हेल्परमध्ये उतरणार, झोपणार, जेवणार आणि दुसऱ्या दिवशी परतणार. गावातल्या हॉटेल आणि खानावळींचं मूळ इथे आहे. १९१३-१४ मध्ये बांधलेली हेल्पर हॉटेलची विटांची इमारत अजून उभी आहे. तिच्यात आता खाण आणि रेल्वे यांचं संग्रहालय आहे.

कोळसा आणि संप

नुसत्या रेल्वेवर हेल्पर एवढं रंगीत झालं नसतं. आसपासच्या घळ्यांत कॅसल गेट, केनिलवर्थ, स्प्रिंग कॅन्यन अशा खाणवस्त्या होत्या. या वस्त्या कंपनीच्या मालकीच्या : घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, कधीकधी पगाराऐवजी मिळणारी चिठ्ठीसुद्धा कंपनीची आणि ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालणारी. संप केला तर नोकरीबरोबर घरही जायचं. हेल्परची जमीन मात्र खाणकंपनीची नव्हती. इथे कुणालाही दुकान टाकता येई, सभा घेता येई, दारू पिता येई. खाणकामगार पगार घेऊन हेल्परलाच येत. रुळांना समांतर जाणारा तो मुख्य रस्ता इतका दाट का आहे, याचं उत्तर या एका फरकात आहे.

माणसं कुठून कुठून आली होती! ग्रीक, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएट, सर्ब, फिनिश, जपानी. १९०३ च्या नोव्हेंबरात कार्बन परगण्यात मोठा संप झाला, त्यात इटालियन कामगार पुढे होते. १९०४ च्या वसंतात कामगार चळवळीतल्या प्रसिद्ध कार्यकर्त्या मदर जोन्स इथे आल्या, तर देवीच्या साथीचं कारण सांगून त्यांना अडकवून ठेवण्यात आलं. संप मोडला. संपकऱ्यांची नावं काळ्या यादीत गेली, खाणीची दारं बंद झाली. त्यातल्या काहींनी हेल्परभोवती जमिनी घेतल्या, भाजीपाला पिकवला, दुकानं टाकली. गावातल्या व्यापाराचा एक मोठा धागा असा हरलेल्या संपातून निघाला आहे.

१८९७ च्या २१ एप्रिलला बुच कॅसिडी या दरोडेखोराने कॅसल गेटला खाणीचा पगार भरदिवसा लुटला. पर्यटकांना ही हकिकत फार आवडते. पण या भूमीचं खरं दुःख खाणीतल्या स्फोटांत आहे. १ मे १९०० रोजी स्कोफील्डजवळच्या विंटर क्वार्टर्स खाणीत निदान २०० माणसं गेली. ८ मार्च १९२४ रोजी कॅसल गेटच्या दोन नंबर खाणीत १७१ कामगार आणि वाचवायला गेलेला एक जण, असे १७२ मेले. त्यात सुमारे ५० ग्रीक होते. कारण साधं होतं आणि म्हणूनच जास्त बोचतं. आधीच्या पाळीतली कोळशाची पूड पुरेशी भिजवलेली नव्हती. छताजवळ वायू तपासणाऱ्या माणसाचा दिवा विझला, तो पुन्हा पेटवायला काडी ओढली आणि वायूने पेट घेतला. वायूचा छोटा स्फोट हवेत उडालेल्या कोळशाच्या पुडीला पेटवतो आणि ती आग बोगद्यांतून धावत जाते. यावरचा उपाय म्हणजे भिंतींवर आणि जमिनीवर चुनखडीची पूड मारणं. ती कोळशात मिसळली की ज्वाला पुढे सरकत नाही.

माथ्यावर गेलेलं ठाणं

खिंडीच्या पलीकडची बाजू सुरुवातीला याहून वाईट होती : टकर ते सोल्जर समिट ४ टक्के चढ. टनामागे ४० किलो. १९१३ मध्ये कंपनीने तिथे मोठे वळसे घालून वाट लांबवली आणि चढ २ टक्क्यांवर आणला. सुमारे ११ किलोमीटरच्या जागी २४ किलोमीटर झाले. अंतर दुप्पट झालं, तरी फायदाच. घाट बांधणाऱ्याचा हा जुना व्यवहार आहे : लांबी द्या, चढ घ्या.

मग १९१९ च्या सुमारास कंपनीला वाटलं, इंजिनांचं ठाणं पायथ्याऐवजी माथ्यावर ठेवलं तर तीच इंजिनं दोन्ही बाजूंच्या चढांना वापरता येतील. कागदावर हे अगदी पटणारं होतं. ठाणं सोल्जर समिटला हललं, तिथे घरं उठली. पण सुमारे २,२७० मीटर उंचीवरचा हिवाळा कागदावर दिसत नाही. बर्फात यार्ड चालवायचं, पाण्याचे पाइप आणि रुळांचे सांधे गोठू द्यायचे नाहीत, कुटुंबं तिथे टिकवायची, या सगळ्याचा खर्च वाचलेल्या फेऱ्यांपेक्षा जड झाला. दहाएक वर्षांत ठाणं हेल्परला परत आलं.

पश्चिम पायथ्याशी थिसल नावाचं असंच एक इंजिनांचं गाव होतं. ते आज नाही. वाफेची इंजिनं १९५० च्या दशकात गेली. डिझेलची चार-पाच युनिटं एकत्र जोडून एकच ड्रायव्हर चालवू शकतो, बॉयलर धुवायचा नसतो, दर काही मैलांवर पाणी लागत नाही. थिसलकडे रेल्वेशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे ते आधीच ओसरलं होतं. १९८३ च्या एप्रिलमध्ये डोंगराचा कडा सरकून नदी अडली आणि उरलेलं गाव पाण्याखाली गेलं. रेल्वेने शेजारच्या डोंगरातून नवा बोगदा खोदून त्याच वर्षी ४ जुलैला गाड्या पुन्हा सुरू केल्या. हेल्पर आणि थिसल यांचं रेल्वेतलं काम जवळजवळ सारखं होतं. हेल्पर टिकलं ते कोळशावर आणि स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बाजारपेठेवर. पुढे कोळसाही आटला. कॅसल गेटचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये बंद झालं.

असा इतिहास शोधायचा असेल तर

रेल्वेगावाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने पहिला कागद उघडावा तो रेल्वेचं कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक. त्यात कोणत्या वर्गाच्या इंजिनाने कोणत्या तुकड्यावर किती टन न्यायचे हे छापलेलं असे, म्हणजे वरचा सगळा हिशेब तयार मिळतो. दुसरा कागद सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे. त्यांत प्रत्येक इमारत तिच्या आकारात काढलेली असते. गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की पिवळी गल्ली गुलाबी होताना दिसते. तिसरा, जनगणनेचे घराघराचे तक्ते. ते ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतचे पाहता येतात.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. १९१० च्या तक्त्यात जन्मस्थान ‘ऑस्ट्रिया’ दिसलं की माणूस ऑस्ट्रियन समजू नका. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. जन्मस्थानाच्याच रकान्यात लिहिलेली मातृभाषा बघा, ती खरं सांगते. ग्रीक आणि स्लाव्ह नावं गणना करणाऱ्याने कानाला वाटली तशी लिहिली आहेत, म्हणून शोधताना घर आणि व्यवसाय धरून शोधा. रेल्वेच्या कागदांत ‘पश्चिम’ म्हणजे युटातल्या ऑग्डेन शहराच्या दिशेने, मग तिथे रूळ प्रत्यक्ष उत्तरेकडे का जात असेनात. आणि कंपनीची नावं बदलत गेली आहेत : १८८९ पासून रिओ ग्रांडे वेस्टर्न, १९०८ पासून डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यालाच वेस्टर्न जोडलेलं, १९८८ नंतर सदर्न पॅसिफिक आणि १९९६ पासून युनियन पॅसिफिक. एकाच नावाने शोधलं तर अर्धे कागद हाती लागत नाहीत.

प्रत्यक्ष जायचं असेल तर अॅमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफिर ही शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दरम्यान धावणारी गाडी हेल्परला थांबते. यार्डाच्या कडेला उभं राहून एखादी मालगाडी पुढून मागेपर्यंत बघा. हल्ली गाडीच्या मधोमध किंवा शेवटी इंजिन दिसतं, पण त्यात ड्रायव्हर नसतो. पुढच्या केबिनमधून रेडिओने ते चालवलं जातं आणि बहुतेक वेळा ते गाडीबरोबर लांबवरून आलेलं असतं. खिंडीत सुटून हेल्परला परत येण्यासाठी ते जोडलेलं नसतं.